तगरची वाट, तेलगावचा नाका

पैठणपासून तगर दहा दिवसांच्या वाटेवर आहे, असं एका ग्रीक लिहिणाऱ्या व्यापाऱ्यानं इसवी सनाच्या पहिल्या शतकात टिपून ठेवलं. त्यानं स्वतःचं नाव दिलेलं नाही. ‘पेरिप्लस’ म्हणून ओळखली जाणारी ती छोटी पोथी म्हणजे तांबड्या समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची, मालाची आणि फसवणुकीच्या जागांची व्यवहारी नोंदवही आहे. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर. हे 1901 मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी मांडलं आणि ते टिकलं. नकाशावर पट्टी ठेवली तर पैठण ते तेर दीडशे किलोमीटरच्या आसपास भरतं, म्हणजे दिवसाला पंधरा. हंगामात तेलगावच्या नाक्यावर उसानं लादलेली टायरची बैलगाडी बघितली, बैलांची मान बघितली, की हा हिशेब लगेच पटतो. दिशा मात्र त्या गृहस्थानं पूर्व सांगितली आहे. तेर आग्नेयेला आहे. इजिप्तकडून आलेल्या माणसाला एवढी चूक माफ.

तेलगाव हे बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातलं गाव. बीडहून परळीकडे जाणारा रस्ता आणि माजलगावहून धारूरकडे चढणारा रस्ता इथे एकमेकांना भेटतात. गावाला लागून लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना आहे, म्हणून हंगामभर नाक्यावर चाकांचीच वर्दळ. पेरिप्लसमध्ये तेलगावचं नाव नाही आणि ते ओढूनताणून बसवण्याचा माझा इरादाही नाही. तगरच्या गाड्या गोदाकाठ सोडून बालाघाटावर नेमक्या कुठून चढत, हे त्या लेखकानं लिहिलेलं नाही. मोठमोठ्या, रस्ते नसलेल्या मुलखातून माल येतो, एवढंच तो म्हणतो. पण तो बिनरस्त्यांचा मुलूख हाच. म्हणून ग्रीस-रोमचं आपल्याकडे काय उरलं, हा प्रश्न मुंबईच्या टाऊन हॉलच्या खांबांखाली उभं राहून विचारण्याऐवजी इथून विचारावासा वाटतो.

कारण मुंबईतून विचारला की उत्तर ठरलेलं असतं. ग्रीकांनी लोकशाही दिली, रोमनांनी कायदा दिला, इंग्रजांनी ते बोटीत घालून आणलं आणि आपण पदरात घेतलं. शाळेत आपण हेच पाठ केलं. यात खोटं फारसं नाही, पण हे शेवटचं प्रकरण आहे. त्याआधी निदान चार वेळा, चार वेगळ्या दारांनी ग्रीस-रोम आपल्या घरात येऊन गेले होते, आणि जे त्या जुन्या दारांनी आलं ते इतकं मुरलं की आज ओळखूही येत नाही.

पहिलं दार व्यापाराचं. पेरिप्लसचा लेखक सांगतो की पैठणहून अकीकासारखे दगड आणि तगरहून जाडंभरडं कापड, मलमल असा माल गाड्यांतून भडोचला उतरतो. पैठण ते भडोच वीस दिवस. भडोचला काय उतरवून घेत, त्याचीही यादी आहे: दारू, त्यातही पसंती इटलीच्या दारूला, तांबं, कथील, शिसं, पोवळं, काच, आणि सोन्याचांदीची नाणी. राजासाठी वेगळा माल: चांदीची भांडी, गाणारी मुलं, उंची दारू. सोपारा आणि कल्याण ही बंदरंही त्याला माहीत होती. कल्याणला मात्र त्याच्या काळात अडथळे होते. चुकून तिथे गेलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेलं जाई. सातवाहन आणि क्षत्रपांच्या भांडणातली ही नाकाबंदी असावी, असं अभ्यासक मानतात. सोनं एवढं इकडे वाहत होतं की थोरल्या प्लिनीनं रोममध्ये बसून तक्रार केली: हिंदुस्थान दरवर्षी साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स गिळतो. आकडा खरा की रागातला, यावर वाद आहे. रागातलाच जास्त वाटतो.

या व्यापाराचे अवशेष शोधताना विसाव्या शतकातले आपले पुरातत्त्वज्ञ थोडे हुरळले होते, हे आता कबूल करायला हरकत नाही. 1945 मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी पुद्दुचेरीजवळच्या अरिकमेडूत उत्खनन केलं आणि तेव्हापासून दख्खनमध्ये मिळालेल्या प्रत्येक परक्या वाटणाऱ्या खापरावर ‘रोमन’ अशी चिठ्ठी चिकटू लागली. बुडाशी चक्राकार टिंबांची नक्षी असलेली ‘रूलेटेड’ भांडी रोमन म्हणून गाजली. पुढे ती इथल्याच मातीची निघाली. नेवाशापासून तेरपर्यंत दारूच्या रोमन रांजणांचे म्हणजे ‘अँफोरा’चे तुकडे नोंदवले गेले, रॉबर्टा टॉम्बर यांनी ते पुन्हा हातात घेऊन पाहिले तेव्हा त्यांतले बरेचसे आखाती मुलखातून आलेल्या, आतून डांबर लावलेल्या निमुळत्या बरण्यांचे ठरले. म्हणजे रोमशी व्यापार नव्हता असं नाही. तो होताच. पण रोमशी नातं सांगितलं की आपली पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीची जागा, मोलाची ठरते, हा समज त्या चिठ्ठ्यांमागे होता.

कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर मिळालेल्या कांस्यवस्तूंबद्दल असा संशय नाही. तिथला पॉसायडन, हातात त्रिशूळ धरण्याच्या पवित्र्यातला समुद्रदेव, खरोखर भूमध्य समुद्राकडून आला. 1945-46 मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे उत्खनन केलं. ही मूर्ती आज कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. समुद्रापासून सह्याद्रीपलीकडे येऊन पडलेल्या या देवाची इथे कुणी पूजा केल्याची खूण नाही, त्याचं एकही देऊळ झालं नाही. तो कुणा श्रीमंताच्या घरची शोभेची वस्तू होता. आणि शोभेच्या वस्तूचं पुढे जे होतं तेच त्याचं झालं.

तेरला वेगळी गोष्ट घडली. तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीतून निघणाऱ्या वस्तू वर्षानुवर्षं जमवल्या, आणि त्यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय आज तिथे उभं आहे. दोन साच्यांत घडवून जोडलेल्या पांढऱ्या मातीच्या पोकळ बाहुल्या तिथे बघाव्यात. ही दुहेरी साच्याची रीत भूमध्याकडून आली असं काहींचं मत आहे. चेहरे, केशरचना, दागिने मात्र पुरते इथले. आणि रोमन नाण्यांवरून घेतलेले मातीचे ठसे! तेरसह दख्खनमध्ये अनेक ठिकाणी मिळालेल्या या मातीच्या चकत्यांना दोरा ओवायला कडी किंवा भोक असतं. खरं सोन्याचं नाणं गळ्यात घालणं ज्यांना परवडत नव्हतं त्यांनी सम्राटाचा मुखवटा मातीत उठवून घातला. पुढे दीड हजार वर्षांनी मराठी बायकांच्या गळ्यात पुतळ्यांची माळ आली. ती पुतळी मूळची व्हेनिसचं सोन्याचं नाणं, आणि त्यावरची अक्षरं लॅटिन. अक्षरं कुणी वाचली नाहीत, पण वजन सोनारानं बरोबर वाचलं. कुंभाराच्या गावात, गोरोबाकाकांच्या गावात, परदेशी सोन्याची नक्कल मातीतून निघावी यात मला काही नवल वाटत नाही.

दळणवळण एकतर्फी नव्हतं, हे सांगणारी सगळ्यात देखणी वस्तू मात्र आपल्याकडे नाही, नेपल्सला आहे. 1938 मध्ये पॉम्पेईच्या एका घरात हस्तिदंताची वीतभर उंचीची एक स्त्रीमूर्ती मिळाली. दागिन्यांनी मढलेली, दोन बाजूंना दोन दासी. तिला लक्ष्मी म्हटलं गेलं. ती यक्षी असावी असं आता जास्त मानतात. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत ते शहर गाडलं गेलं, त्यामुळे ती त्याआधी तिथे पोचली हे नक्की. तिच्या जवळच्या बहिणी कुठे सापडल्या? एक जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि एक तेरला. म्हणजे मराठवाड्यातल्या हस्तिदंत कोरणाऱ्यांची कला रोमन घराच्या फळीवर उभी होती. ग्रीस-रोमच्या प्रभावावर बोलताना आपण कायम घेणाऱ्याच्या खुर्चीत बसतो; ही मूर्ती ती खुर्ची थोडी सरकवते.

जी माणसं आली त्यांचं काय झालं, याचं उत्तर लेण्यांच्या भिंतींवर आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर दात्यांची नावं कोरली आहेत. त्यांत धेनुकाकट गावच्या यवनांची नावं येतात: सिंहध्वज, धर्म. जुन्नरला इरिल नावाच्या यवनानं पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्यानं भोजनमंडप. नाशिकला उत्तरेकडून आलेल्या यवन धर्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त यानं लेणं कोरवलं. धर्म, सिंहध्वज, इंद्राग्निदत्त: या नावांत ग्रीक काय उरलं? फक्त ‘यवन’ हा शब्द. ते रक्तानं ग्रीक होते की कुठल्याशा वसाहतीतले आधीच मिसळलेले लोक, यावर विद्वान भांडतात. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की परमुलखातला माणूस इथे पुण्य कमवायला पाण्याचं टाकं खोदतो. त्याच नाशिकला सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीच्या लेखात तिचा मुलगा शक, यवन, पहलवांचा संहार करणारा म्हणून गौरवला आहे. एकाच डोंगरात दोन्ही लेख आहेत. राजाच्या प्रशस्तीत यवन मरतो, दुसऱ्या लेण्यात यवन दान देतो. पुढे हा शब्दही आपल्या मूळ माणसांना सोडून गेला. आयोनियाच्या ग्रीकांसाठी आलेला ‘यवन’ बखरींच्या मराठीत मुसलमानांसाठी वापरला जाऊ लागला.

आता दुसरं दार, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं: ज्योतिष.

सोमवारी परळीला वैजनाथाच्या दर्शनाला जाणाऱ्यांनी तेलगावच्या गाड्या भरलेल्या असतात. सोमवार कुठून आला? वेदांत वार नाहीत. नक्षत्रं आहेत, तिथी आहेत, वार नाहीत. वारांची जी ओळ आपण घोकतो तिच्यामागे एक सोपं गणित आहे आणि ते ग्रीक-रोमन जगात जुळलं. पृथ्वीपासूनच्या अंतराच्या उतरत्या क्रमानं ग्रह लावा: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाचा प्रत्येक तास, म्हणजे प्रत्येक ‘होरा’, ओळीनं एकेका ग्रहाला द्या. पहिला तास ज्याचा, त्याचा तो दिवस. शनीपासून सुरुवात केली की चोवीस तास संपून पंचविसावा तास रवीला येतो, म्हणून शनिवारनंतर रविवार. रवीपासून मोजा, पुढचा दिवस चंद्राचा. मग मंगळ, बुध, गुरू, शुक्र. चोवीसला साताने भागल्यावर तीन उरतात, एवढ्या बाकीवर आपला आठवडी बाजार भरतो. भारतात वारासकट तारीख देणारा सगळ्यात जुना ज्ञात लेख मध्य प्रदेशातल्या एरणचा, बुधगुप्ताच्या काळचा, इ.स. 484 चा, गुरुवारचा.

‘होरा’ हा शब्द ग्रीक. पत्रिका बघताना जोशीबुवा जे अनफा, सुनफा, पणफर, आपोक्लिम, जामित्र म्हणतात ते सगळे ग्रीक शब्द संस्कृतच्या पोशाखात आहेत. जामित्र म्हणजे ‘दियामेत्रॉस’, व्यास. कुंडलीत समोरासमोरचं सातवं घर, लग्नाचं. पत्रिका जुळत नाही म्हणून मोडलेल्या कितीतरी सोयरिकींत ग्रीक भूमितीचा हात आहे, हे मुलाकडच्यांना कुणी सांगितलेलं नसतं. स्फुजिध्वजाचं ‘यवनजातक’ ग्रीक ज्योतिषावरच उभं आहे. त्याच्या काळाबद्दल डेव्हिड पिंग्री यांनी 1978 मध्ये जे ठरवलं होतं त्यावर अलीकडे बिल माक यांनी हस्तलिखितांच्या आधारे शंका घेतली. पण त्यातलं ग्रीक देणं कुणी नाकारलेलं नाही. वराहमिहिराच्या ‘पंचसिद्धान्तिके’त पाच सिद्धान्तांपैकी एकाचं नावच ‘रोमक’. त्याचं वर्षमान 365 दिवस, 5 तास, 55 मिनिटं, 12 सेकंद, म्हणजे नेमकं हिप्पार्कसचं. आणि वराहमिहिरानं हे मोकळेपणानं लिहिलं: यवन म्लेच्छ खरे, पण हे शास्त्र त्यांच्यात नीट रुजलेलं, म्हणून तेही ऋषींसारखे पूज्य.

हा मोकळेपणा पुढे आटला. आपल्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 1896 मध्ये भारतीय ज्योतिषाचा जो इतिहास मराठीत लिहिला, तो आजही पाया मानावा असा ग्रंथ आहे. त्यात ग्रीक ऋणाच्या प्रश्नावर ते सावधपणे, आपल्या बाजूनं झुकून लिहितात. युरोपीय पंडित सगळंच ग्रीसहून आलं असं म्हणत असताना ते झुकणं समजण्यासारखं आहे. आज झुकायची गरज नाही. राशीचक्र ग्रीकांनी बाबिलोनकडून उचललं होतं; तेही उसनवारच होते.

या सगळ्या उसनवारीतला एक शब्द मला विशेष आवडतो: केंद्र. ग्रीक ‘केंत्रॉन’. त्याचा मूळ अर्थ टोचणारं टोक, बैल हाकायच्या पराणीची आर. मग कंपासचं कागदात रुतणारं टोक, मग वर्तुळाचा मध्य, मग कुंडलीतली चार महत्त्वाची घरं. आणि मग आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्र, मतदान केंद्र, केंद्रशाळा, केंद्र सरकार. नाक्यावर गाडीवान ज्या आरेनं बैलाला टोचतो तिचं आणि दिल्लीचं नाव एकच.

व्यवहाराचे आणखी काही शब्द याच वाटेनं आले. द्राख्मे या ग्रीक नाण्याचा द्रम्म झाला, भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त सोळा पणांचा एक द्रम्म आहे, द्रम्माचा दाम झाला आणि खिशात छदामही नसणाऱ्यापर्यंत पोचला. विहिरीच्या तळाला खडक लागला की बीड जिल्ह्यात सुरुंग लावतात. ‘सुरुंगा’ हा शब्द कौटिल्याच्या अर्थशास्त्रात भुयारासाठी येतो, आणि तो ग्रीक ‘सिरिंक्स’, म्हणजे नळी, यावरून आला असं बहुतेकांचं मत आहे. इंजेक्शनची सिरिंज त्याच घरातली.

तिसरं दार अरबी-फारसीचं. बगदादच्या विद्वानांनी ग्रीक ग्रंथ अरबीत आणले आणि मग ते दख्खनच्या सुलतान्यांबरोबर आपल्याकडे आले. युनानी हकीम या नावातच आयोनिया आहे. कंदील हा लॅटिन ‘कांदेला’. कानून हा ग्रीक ‘कानोन’, म्हणजे मोजपट्टी. धारूरच्या किल्ल्याचा बुरूजही अरबी ‘बुर्ज’मधून मागे ग्रीक ‘पिर्गोस’कडे जातो, असं भाषाशास्त्रज्ञ सांगतात. पण या दाराची खरी कमाई म्हणजे प्लेटो. अरबीत त्याचा अफलातून झाला, आणि मराठीत तो विशेषण झाला. भजी अफलातून, बॅटिंग अफलातून, पोरगं अफलातून. अथेन्सच्या तत्त्वज्ञाला एवढी रोजची हजेरी दुसऱ्या कुठल्या मुलखात मिळत असेल?

चौथं दार गोव्याचं, आणि तिथून लॅटिन पोर्तुगिजांच्या तोंडातून आलं. पाव, चावी, परात, घमेलं, तुरुंग, फीत. घरातली आणि बांधकामावरची ही भांडीकुंडी रोमन आहेत असं कुणाला वाटेल? ‘पगार’ लॅटिन ‘पाकारे’वरून: शांत करणं, समजूत घालणं. सावकाराची समजूत पैसे देऊन घालतात, तिथून ‘पैसे देणं’ हा अर्थ आला. तेलगावच्या आसपासच्या तांड्यावाड्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्याला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला, मात्र पगार नसतो. मुकादमाकडून उचल मिळते आणि ती फेडायला हंगाम जातो. रोमन लोकांचा ‘कालेंदारियुम’ही असाच: महिन्याच्या पहिल्या तारखेला व्याज वसूल करायचं, त्याची खातेवही. भिंतीवरच्या कॅलेंडरचं मूळ या कर्जाच्या वहीत आहे. उचलीची वही ठेवणाऱ्या मुकादमाला हे सांगितलं तर तो हसणार नाही, मान हलवील.

पाचव्या, इंग्रजी दाराबद्दल मी थोडक्यात उरकतो, कारण त्याच्यावर भरपूर लिहिलं गेलंय. मुंबईचा टाऊन हॉल 1833 मध्ये डोरिक खांबांवर उभा राहिला. उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस आलं. विद्यापीठात सिनेट आली. विंदा करंदीकरांनी ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र मराठीत आणलं, पु. लं.नी ‘राजा ओयदिपौस’ लिहिलं. पण ग्रीसचं खरं मराठी पुस्तक एकच, इसापनीती. तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या, आणि मुंबईला सदाशिव काशीनाथ छत्र्यांची ‘इसपनीतिकथा’ 1828 मध्ये आली. कोल्ह्याला द्राक्षं आंबट हे आता म्हण म्हणून वापरताना इसाप कुणाला आठवत नाही. काहींना तर ते पंचतंत्रातलंच वाटतं.

लोकशाहीबद्दल मात्र एक नोंद करायलाच हवी, कारण ती मराठवाड्याशी जोडलेली आहे. 25 नोव्हेंबर 1949 च्या संविधान सभेतल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ठणकावलं की संसदेची रीत हिंदुस्थानाला परकी नव्हती. बौद्ध भिक्षुसंघांत ठराव, मतदान, गणपूर्ती हे सगळं होतं. म्हणजे अथेन्सचं ऋण त्यांनी घ्यायचं टाळलं. आणि पुढच्याच वर्षी, 1950 मध्ये, त्यांनी तेव्हाच्या औरंगाबादला जे महाविद्यालय सुरू केलं त्याला नाव मिळालं मिलिंद. ‘मिलिंदपञ्ह’मधला मिलिंद, भिक्खू नागसेनाला प्रश्नांमागून प्रश्न विचारणारा राजा. नागसेनाच्या नावानं तिथला परिसर नागसेनवन. मिलिंद म्हणजे मिनँडर, पंजाबात राज्य केलेला ग्रीक राजा. प्रश्न विचारून, हरून, पटलं म्हणून मान्य करणारा. बीड, परभणी, धाराशिवच्या खेड्यांतली पहिल्या पिढीची मुलं जिथे शिकली त्या कॉलेजावर ग्रीक नाव आहे आणि ते कुणाला परकं वाटलं नाही. त्या मुलांनी आपल्या मुलांची नावं मिलिंद ठेवली.

पेरिप्लसचा तो बिननावाचा व्यापारी भडोचच्या बाजारात उभा राहून एक बारीक गोष्ट लिहून गेलाय. तिथे अजून जुनी द्राख्मे नाणी चालतात, त्यांवर ग्रीक अक्षरं आहेत आणि अपोलोडोटस व मिनँडर या राजांच्या खुणा. मिनँडर जाऊन तेव्हा दीडशेहून जास्त वर्षं झाली होती. तगरचं कापड भडोचला उतरवून परतणाऱ्या एखाद्या गाडीवानाच्या कमरेच्या कसात असलं एखादं नाणं घाट चढून या मुलखात आलंही असेल.